दारिद्र्य आणि शाळेचा उंबरठा : बऱ्हाणपूर परिसराचा एक ऐतिहासिक विचार

आपल्या धर्मग्रामांच्या वार्षिक अहवालात शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या लिहिण्यासाठी एक रकाना असतो. शाळेत न जाणाऱ्यांसाठी बहुधा नसतो. त्यामुळे ती मुले आपल्या नजरेआड होतात, आणि कोणी विचारलेच तर आपल्या तोंडी एक ठरावीक उत्तर येते : आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटत नाही. धर्मगुरूंच्या बैठकीत आणि धर्मशिक्षकांच्या शिबिरात हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर स्वतःही इतक्या वेळा उच्चारले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आम्हांला फार उशिरा भासली.

असे विधान हवेत तपासता येत नाही; त्यासाठी एखादा प्रदेश आणि त्याचा इतिहास समोर घ्यावा लागतो. आम्ही येथे बऱ्हाणपूर घेतले आहे. रावेरच्या पुढे महाराष्ट्राची सीमा ओलांडली की लागणारे हे तापीकाठचे शहर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड-नागपूरचे मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि निमाड मध्यप्रदेशात राहिला. तरीही बऱ्हाणपुरातील अनेक घरांची सोयरीक आजही जळगाव-बुलढाण्याकडेच होते. बाजारात मराठी, निमाडी, उर्दू आणि हिंदी एका दमात बोलल्या जातात, आणि उत्तरेच्या व पूर्वेच्या डोंगरांत कोरकू व बारेला वस्त्या आहेत. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यातून वेगळा होऊन हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात होती, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते. ख्रिस्तसभेच्या रचनेत हा भाग १९७७ साली स्थापन झालेल्या खंडवा धर्मप्रांतात येतो.

बऱ्हाणपूर हे अडाण्यांचे गाव कधीच नव्हते, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी घराण्यातील नासिरखानाने हे शहर वसविले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. या नावातच 'गरीब' आहे. अर्थात सूफींच्या भाषेत त्याचा अर्थ परका, वाटसरू असाही होतो. पुढील दोन शतकांत येथे विद्वानांची दाटी झाली. मुहम्मद इब्न फज्लुल्लाह बुऱ्हाणपुरी यांनी १५९० साली लिहिलेला एक लहानसा तत्त्वज्ञानपर ग्रंथ सुमात्रा-जावापर्यंत वाचला गेला, त्यावर तेथे भाष्ये झाली. अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना कवी व पंडित त्याच्या आश्रयाला होते. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला तेव्हा त्याच्या छावणीत दोन येशूसंघीयही होते : संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेनेडिक्ट द गोइश. या शहरात आलेल्या आरंभीच्या मिशनऱ्यांत त्यांची गणना करावी लागेल. ते बादशहाबरोबर आले आणि बादशहाबरोबरच गेले. विणकरांच्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकले की नाही यावर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचे कार्य दरबारात होते.

पण योगायोग असा की, त्याच सुमारास, १५९७ साली, रोममध्ये संत जोसेफ कॅलासांझ यांनी तायबर नदीपलीकडच्या त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीत एक शाळा चालविण्यास घेतली. तोवर तेथे थोडी फी घेतली जात असे. त्यांनी ती बंद केली. शहरातील शिक्षकांकडे आणि धार्मिक संघांकडे गरिबांच्या मुलांसाठी विनंती करून झाल्यावर, कोणी पुढे येईना म्हणून त्यांनी हे स्वतः अंगावर घेतले होते. युरोपातील गरिबांसाठीच्या मोफत शाळांचा आरंभ येथून मोजतात. म्हणजे ख्रिस्तसभेलाही हे सुचावयास सोळा शतके लागली. आपण इतरांविषयी बोलताना एवढे स्मरण ठेवलेले बरे.

विद्वानांच्या या शहरात बहुसंख्य लोक मात्र हाताने जगत होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात येथून गेला. येथील तलम, जरीचे कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते असे त्याने नमूद केले आहे. ते विणणाऱ्या मोमीन विणकराचे मूल अक्षर शिकत नसे, तरी ते अशिक्षित होते असे म्हणणे धाडसाचे होईल. ताणा लावणे, सुताची जात बोटांनी ओळखणे, चांदीची तार ओढणे हे सारे ते बापाच्या मांडीशी बसून शिके, आणि त्या विद्येवर त्याचे पोट भरे. घर हीच शाळा होती आणि ती मोफत होती; उलट ती शिकता शिकता मूल कमावतही असे. दारिद्र्य आणि शिक्षण यांच्या संबंधाची गाठ येथे आहे असे आम्हांला वाटते. ही घरची शाळा जोवर पोट भरीत होती तोवर दुसऱ्या शाळेची उणीव कोणाला जाणवली नाही. ती पोट भरीनाशी झाली, आणि नेमक्या त्याच वेळी मुलाला तिच्यातून सोडवून दुसरीकडे पाठविण्याची ऐपतही घराला राहिली नाही.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते घेऊन परत केले आणि १८६० साली कायमचे ताब्यात घेतले. १८७० पर्यंत मुंबईहून भुसावळ-खंडव्यावरून जबलपूरपर्यंतची रेल्वे सुरू झाली. तिने निमाडचा कापूस बाहेर नेला आणि गिरणीचे कापड आत आणले. विणकर एके काळी स्वतःच्या सुताचा धनी होता. आता व्यापाऱ्याने दिलेले सूत विणून मजुरी घेणारा झाला. मजुरी वारांवर मिळे. वार वाढावयाचे तर कांड्या भरणारे हात वाढावयास हवेत, आणि ते हात घरातच, सहा-सात वर्षांच्या वयाचे, उपलब्ध होते. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ताप्ती मिल उभी राहिली, पण घरगुती मागावरील हा हिशेब पुष्कळसा तसाच राहिला. अशा घरात जाऊन "मुलाला शाळेत पाठवा, फी नाही" असे सांगणाऱ्याला फी हा त्या घराच्या दृष्टीने सर्वांत लहान खर्च आहे हे कळलेले नसते. मोठा खर्च म्हणजे मुलाचा दिवस.

ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत स्पष्टपणे ज्याने सांगितली तो माणूस महाराष्ट्रातील होता. १८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. शेतकरी आणि गरीब वर्गांतील काही मुले शाळेत दिसतात, पण दारिद्र्यामुळे टिकत नाहीत; काही काम मिळाले की शाळा सुटते, कारण शाळेत राहण्यासाठी त्यांना कसलेही प्रोत्साहन नाही, असे त्यांनी म्हटले. महार-मांगांच्या मुलांना तर इतरांशेजारी बसूच दिले जात नाही. पुण्यासारख्या शहरात त्यांची वस्ती पाच हजारांवर असता एकच शाळा आणि तीत तीसही मुले नाहीत. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आरोप होता. उपाय म्हणून त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, शिष्यवृत्त्या व बक्षिसे, खालच्या वर्गांतून येणारे आणि नीट पगार मिळणारे शिक्षक, आणि मोडी-बालबोध, हिशेब, शेती व आरोग्य यांचे उपयोगी शिक्षण सुचविले.

या माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात हेच घडले होते. त्यांचे शिक्षण वडिलांनी मध्येच थांबविले होते आणि मुलगा मळ्यात कामाला लागला होता. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली म्हणून १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. एक मुसलमान शिक्षक आणि एक ख्रिस्ती गृहस्थ घरी गेले, बसले, बोलले. आमच्या धर्मशिक्षक बंधूंनी हा प्रसंग आवर्जून लक्षात ठेवावा. गोविंदरावांना शिक्षणाचे महत्त्व पटत नव्हते असे म्हणता येत नाही; मुलगा त्यांनी आधी शाळेत घातलाच होता. समाजाची भीती आणि मळ्याची गरज यांच्या विरुद्ध बाजूने बोलणारे कोणी तरी हवे होते.

फुल्यांचे हे निवेदन मुंबई इलाख्याविषयी होते, पण तापीच्या वरच्या अंगाला, मध्यप्रांतातही, चित्र निराळे नव्हते. निमाडात बलाही ही जात आहे. परंपरेने जाडेभरडे कापड विणणे आणि गावची राखण करणे ही तिची कामे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांताच्या जातींवरील ग्रंथात तिची नोंद आहे. एस. व्ही. डी. संघाचे फादर स्टीफन फुक्स यांनी निमाडात राहून या समाजाचा अभ्यास केला, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'हरीची लेकरे' या अर्थाचे आहे. आपल्या सेमिनरींतून हा ग्रंथ अधिक वाचला जावयास हवा. ज्यांच्यात आपण काम करतो त्यांच्या रीतिभाती एका धर्मगुरूने इतक्या बारकाईने टिपाव्यात ही सामान्य गोष्ट नव्हे. बलाही हेही विणकरच, पण त्यांच्या दारिद्र्यावर अस्पृश्यतेचा दुसरा थर होता. मोमीन विणकराच्या मुलाला शाळेचा उंबरठा ओलांडता येत होता, दिवस परवडत नव्हता. बलाही मुलाला दिवस परवडला असता तरी उंबरठा त्याचा नव्हता.

मिशन शाळांनी हा उंबरठा मोडला, हे सत्य आहे आणि त्याचा उच्चार संकोच न करता करावा. परंतु तो कोणत्या परिस्थितीत मोडला हेही पाहिले पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. या दुष्काळात येथे आलेल्या माणसांपैकी एकीचे नाव प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाला ठाऊक आहे. पंडिता रमाबाई १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात फिरल्या, तेथील मुली आणि तरुण विधवा त्यांनी बरोबर आणल्या, आणि त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून ठाऊक झालेला नव्हता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न. मुलीला संस्कृत शिकविण्यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता. घरात विद्या ओसंडत होती आणि अन्न नव्हते. जातीचा आणि विद्येचा अभिमान अंगमेहनतीच्या आड आला, असे रमाबाईंनीच पुढे लिहिले आहे. म्हणून केडगावला त्यांनी अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा आणि छापखाना आणला. हंटर आयोगापुढे १८८२ साली साक्ष देताना स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य हव्यात असे सांगणारी ही बाई पंधरा वर्षांनी त्या मागणीच्याही खाली, अन्नाच्या पायरीपर्यंत उतरली होती. त्यांनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी जुळविले. ते पूर्ण स्वरूपात १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर पडले. ज्यांना कोणी पाटी दिली नसती त्या हातांनी ग्रीक आणि हिब्रू खिळेसुद्धा लावले.

हे वाचून मन भरून येते. तरीही एक प्रश्न आम्हांला सतावतो, आणि तो आपल्याच मासिकात विचारला पाहिजे. त्या काळी मिशनच्या अनाथालयात आलेल्या मुलाला शाळा मिळाली ती त्याचे घर नाहीसे झाल्यावर. आई-बाप, माग, शेत, भावंडे हे सारे दुष्काळाने नेले, तेव्हा त्याचा दिवस मोकळा झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि पाटी एकाच हाताने दिली गेली, म्हणून ते मूल शिकले. यात मिशनऱ्यांचा दोष नाही. त्यांनी मरणारी मुले उचलली. पण पुढील काळात आपण या नमुन्यालाच पद्धत मानले. गरीब मूल शिकवावयाचे म्हणजे ते घरातून काढून वसतिगृहात ठेवावयाचे, असे समीकरण बसले. ज्या मुलाचे घर उभे आहे, पण उपाशी आहे, त्याच्यासाठी आपल्याजवळ फारसे काही नव्हते. अपवाद होता तो गावच्या शाळेचा. एक खोली, एक माणूस; तोच सकाळी मुलांना बाराखडी शिकवी, संध्याकाळी प्रार्थना घेई, रात्री पत्रे आणि अर्ज लिहून देई. लोक त्याला 'मास्तर' म्हणत. त्याचा पगार तुटपुंजा असे आणि अहवालात त्याचे नाव क्वचितच येई. मुलाचा दिवस घराला हवा असतो हे त्याला सांगावे लागत नसे, कारण त्याच्याही घरी तेच होते. म्हणून तो पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेची वेळ बदली. मिशनच्या शिक्षणकार्यातील सर्वांत शहाणी माणसे ही होती, असे आमचे मत झाले आहे. शहरातील दगडी इमारती आपण जपल्या. या खोल्या पडू दिल्या.

सरकारी कायद्यांची कथा लांब आहे. ती येथे आटोपती घेतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मध्यप्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, पण सक्ती लागू करावयाची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपविले होते. अशा मोकळिकीचा लाभ गरिबाला सहसा होत नाही.

यापेक्षा आपल्या अधिक निकटची गोष्ट १९५० ची आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी निश्चित केली आणि हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना तीतून वगळले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती खुली झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. निमाडातील बलाही समाजात याचा अर्थ असा की, दोन चुलतभाऊ एकाच आळीत राहतात, एकाच मजुरीवर जातात, गाव दोघांनाही एकाच नावाने ओळखते. एकाच्या मुलाला शिष्यवृत्ती आहे, दुसऱ्याच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या नोंदीमुळे ती नाही. कोरकू किंवा बारेला ख्रिस्ती मुलाची अडचण अशी नाही, कारण अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अट नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोग आपले काम करील. दरम्यान आमच्याकडे बाप घेऊन येतात ते मुलाचे दाखले, आणि नोंदवहीत काय लिहिले आहे ते कोणी पाहू नये अशी इच्छा. हे ओझे आपण नेहमी 'विश्वासाची परीक्षा' या शब्दांत मांडतो. परीक्षा खरी, पण ती बापाची आहे, आणि दंड बारा वर्षांची मुलगी भरते.

डोंगराकडे वळू. बऱ्हाणपूरच्या ईशान्येस नेपानगर आहे. वृत्तपत्राचा कागद बनविणारा देशातील पहिला कारखाना तेथे निघाला. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. भोवतालच्या रानातील सलई आणि बांबू यांचा लगदा करून देशभराच्या वर्तमानपत्रांना कागद पुरविला गेला. त्याच रानातल्या कोरकू पाड्यांवर कित्येक वर्षे पाचवी झालेला माणूस शोधावा लागे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, शाळा हिंदीत. पहिलीतल्या मुलाला गुरुजी काय बोलतात हेच कळत नाही, आणि मग 'याला डोके नाही' असा शेरा पडतो. दारिद्र्याचा हा एक प्रकार आम्ही पुष्कळ दिवस ओळखला नाही : ज्याच्या भाषेला बाजारात भाव नाही तोही गरीबच.

मध्यप्रदेश सरकारने जानेवारी १९९७ मध्ये सुरू केलेल्या शिक्षण हमी योजनेचा येथे गौरवाने उल्लेख करावयास हवा. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी वस्तीत पंचवीस, इतरत्र चाळीस मुले असतील, तर गावाने मागणी करावयाची. नव्वद दिवसांत सरकारने शाळा द्यावयाची. गावातलाच थोडाफार शिकलेला तरुण 'गुरुजी' होई, मानधन आरंभी महिना पाचशे रुपये. पहिल्याच वर्षी हजारो वस्त्यांनी मागणी केली. शिक्षणाचे महत्त्व न पटलेले लोक नव्वद दिवसांच्या मुदतीचे अर्ज करीत नाहीत. योजनेवर टीका झाली, आणि ती योग्यही होती : गरिबांना स्वस्तातला शिक्षक का, असे विचारले गेले. पण हा गुरुजी पाहिला की आम्हांला आपला जुना मास्तरच आठवतो.

दुपारच्या जेवणाचेही तसेच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही राष्ट्रीय योजना सुरू झाली. पण अनेक राज्यांत ती महिन्याला धान्य वाटण्यापुरतीच होती; नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला तेव्हा ती खऱ्या अर्थाने शाळेत आली. धान्य घरी जाते तेव्हा ते घराचे असते. शिजलेले अन्न त्या मुलाचे असते, आणि ते खाण्यासाठी त्याला तेथे बसावे लागते. एका पंगतीत बसावे लागते, हेही कमी नाही. रमाबाईंना केडगावी जे उमगले होते त्याला राज्यव्यवस्थेत उतरावयास शंभर वर्षे लागली, आणि येथे घर मोडावे लागले नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा प्रपंच केला तेथे येतो. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील एका कलमानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी आरंभीच्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना मोफत द्यावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून सूट दिली आणि २०१४ च्या निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर गेल्या. २०२५ मध्ये या निकालाच्या योग्यतेविषयी न्यायालयातच प्रश्न उपस्थित होऊन तो मोठ्या पीठाकडे जावा असे सुचविले गेले. कायद्याच्या दृष्टीने आपले अल्पसंख्याक हक्क मोलाचे आहेत. ते जपले पाहिजेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु या निकालाचे स्वागत आपल्यातील काहींनी ज्या सुटकेच्या भावनेने केले, ती आम्हांला अस्वस्थ करते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गरिबांची आणि कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांची विशेष काळजी घेण्यास कॅथलिक शाळांना सांगितले आहे. जे शेजारच्या खाजगी शाळेला कायद्याने करावे लागते, ते आपल्याला करावे लागत नाही, एवढ्यासाठी आपण सूट मागितली होती काय?

आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. शाळेचे नाव येथे नको. एका यंत्रमाग कामगाराची बायको मुलीला घेऊन प्रवेशासाठी आली होती. फी ऐकून ती गप्प झाली. सवलतीचा अर्ज तिला दिला गेला. अर्ज इंग्रजीत होता. तिने तो नीट घडी करून पदराला बांधला आणि निघाली. ती पुन्हा आली नाही. त्या वर्षीच्या अहवालात सवलतीच्या जागा 'मागणी नसल्यामुळे' रिकाम्या राहिल्याची नोंद झाली. त्या अहवालावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांत आमचीही होती.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने उरलासुरला आधारही हलविला. आधीच राष्ट्रीयीकृत झालेल्या ताप्ती मिलचे उत्पादन तेव्हापासून थांबले. शाळा मोबाइलवर गेली, आणि मोबाइल घरात असला तर तो बापाबरोबर कामावर गेला. मोठी झालेली मुले पुन्हा कांड्यांवर बसली, आणि बसल्यावर त्यांना उठविणे अवघड झाले. अल्पसंख्याक समाजांतील पहिली ते आठवीच्या मुलांना २००८ च्या सुमारापासून मिळणारी लहानशी शिष्यवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. कारण असे दिले गेले की, या इयत्तांचे शिक्षण कायद्याने मोफतच आहे. फी हा सर्वांत लहान खर्च असतो, हे जोतीरावांनी सांगून तेव्हा एकशे चाळीस वर्षे झाली होती. मोमीन विणकराची मुलगी आणि बलाही ख्रिस्ती मुलगी, दोघींचीही वहीदप्तराची ती रक्कम एकाच पत्रकाने गेली. आनंदाची एक गोष्ट मात्र नोंदवतो. जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळाचे पाणी पोहोचलेला देशातील पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरची घोषणा झाली. हंडा घेऊन उताराला जाणाऱ्या मुलीची सकाळ जेथे खरोखर मोकळी झाली असेल, तेथे शाळेच्या हजेरीपटावर ती दिसावयास हवी. ती दिसते का, हे पाहण्याचे काम सरकारचेच आहे असे नाही.

आमच्या परिचयाच्या एका धर्मशिक्षकाने गेल्या पावसाळ्यापासून एक वही ठेवली आहे. तो फार शिकलेला नाही. आपल्या चार पाड्यांतील शाळेत न जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव तो तीत लिहितो; ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असा भेद त्याने केलेला नाही, कारण, त्याच्या शब्दांत, वहीची पाने तेवढी नाहीत. नावापुढे कारण लिहिले आहे : धाकट्याला सांभाळते. केळीच्या बागेत जातो. आईबरोबर सहा महिने महाराष्ट्रात. जातीचा दाखला नाही. गुरुजींनी मारले. चप्पल. एका नावापुढे काहीच लिहिलेले नव्हते. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "तिच्या बापाशी अजून बोलणे झाले नाही. तो रात्रपाळीला असतो. रविवारी मिस्सेनंतर जाणार आहे."